गाडी पाठवतो, काळजी करू नका

गेले दोन शनिवार काही लिहिलं नाही. पहिल्या शनिवारी रिलीज होतं, ते कारण खरं आहे. दुसऱ्या शनिवारी मात्र लिहायला बसलो होतो आणि तीनदा खोडलं. विषय घरचा आहे. शेवटी घरच्यांनाच विचारलं, लिहू का म्हणून. वहिनी म्हणाली, "लिहा भाऊजी, पण गावाचं नाव घालू नका." दादा म्हणाला, "लिही. पण मला हीरो-बिरो करू नकोस." म्हणून आज लिहितोय.

दादा म्हणजे माझा आत्येभाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारी जळायला लागल्या की दुकानासमोर ट्रॅक्टर-टेम्पोंची रांग लागते. सातवीच्या सुट्टीत माझ्या हातात पहिल्यांदा सोल्डरिंग गन दिली ती दादाने. मी इंजिनिअर झालो त्यात कॉलेजपेक्षा त्या दुकानाचा वाटा जास्त आहे, हे मी कुठल्याही इंटरव्ह्यूत सांगितलेलं नाही, इथे सांगतो.

आणि दादा प्यायचा. आधी दुकान बंद केल्यावर. मग दुकान बंद करायच्या थोडं आधी. शेवटी शेवटी तर सकाळी शटर उघडल्या उघडल्या, कारण त्याशिवाय हात थरथरायचे. वाइंडिंगची तार बारीक असते, वेढे मोजून घालावे लागतात, थरथरत्या हाताने ते जमत नाही. एक क्वार्टर पोटात गेली की हात एकदम स्थिर. आम्ही सगळे म्हणायचो, "बघा, पिऊनसुद्धा काम किती चोख करतो!" पिऊन*सुद्धा* नव्हतं ते, प्यायल्या*मुळे*च काम होत होतं, आणि हेच सगळ्यात वाईट लक्षण होतं. चार इंजिनिअर, दोन मास्तर आणि एक ग्रामसेवक असलेल्या आमच्या खानदानात हे एकालाही कळलं नाही.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आत्याचा फोन आला. रडत होती. "तू पुण्यात असतोस, कॉम्प्युटरवर सगळं सापडतं म्हणे. याच्यासाठी काहीतरी बघ." मी लगेच बघितलं! 'व्यसनमुक्ती केंद्र' आणि पुढे आजूबाजूच्या जिल्ह्यांची नावं टाकून शोधलं. हॉटेल शोधावं तसंच. फोटो बघितले, स्टार बघितले, बाग आहे, योगा आहे, जेवण शाकाहारी आहे. एका ठिकाणी फोन लावला. समोरचा माणूस भलताच आश्वासक होता. मी म्हटलं, पेशंट यायला तयार होणार नाही. तो म्हणाला, "काही हरकत नाही साहेब. गाडी पाठवतो, काळजी करू नका. आमची चार पोरं असतात."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. महिन्याचे १२ हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. मीटिंग चालू असतानाच ट्रान्सफर केले आणि वर टीममधल्या मित्राला सांगितलं, "झालं एकदाचं काम."

पहाटे साडेपाचला गाडी आली. दादाला बनियनवर उचलून नेलं. पुतण्या आठ वर्षांचा, तो दारात उभा होता. मी तिथे नव्हतो. मी पुण्यात झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी रात्री केंद्रातून फोन. "पेशंटला फिट आली, येऊन घेऊन जा." नंतर कळलं की त्या दीड दिवसात दादाला एकाही डॉक्टरने तपासलेलं नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा, गुरुवारी यायचे. हा घामाने डबडबलेला, थरथरतोय, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणतोय, आणि तिथली पोरं म्हणतायत, "नाटकं करू नको, इथं सगळेच असं करतात." फिट आली तेव्हा शेजारच्या गादीवरच्या एका पेशंटने त्याला कुशीवर वळवलं म्हणून वाचला. पुढचे चार दिवस तो हॉस्पिटलात होता. आगाऊ दिलेले पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत, पण त्याची तक्रार करायला मला तोंड नाही. गाडी मीच बोलावली होती.

असो. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एका फिजिशियननी मला जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. मेंदूत दोन प्रकारचे सिग्नल असतात, शांत करणारे आणि चेतवणारे. दारू शांत करणाऱ्या सिग्नलला जोर देते (गाबा नावाचं रसायन) आणि चेतवणाऱ्याला दाबते (ग्लुटामेट). रोज भरपूर दारू मिळायला लागली की मेंदू स्वतःला त्याप्रमाणे ट्यून करून घेतो. शांतवणारी बाजू कमी करतो, चेतवणारी वाढवतो. म्हणजे आता दारू असताना मेंदू नॉर्मल चालतो. अशा माणसाची दारू तुम्ही एका रात्रीत काढून घेतली की ब्रेक गेलेला आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशी अवस्था. थरथर आणि घाम काही तासांतच सुरू होतो. फिट आल्या तर बहुतेक करून पहिल्या ४८ तासांत. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काही जणांना ज्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात तो भ्रम होतो, त्यात माणूस दगावूसुद्धा शकतो. हे सगळं टाळायची औषधं आहेत, जुनी आहेत, महाग नाहीत. बेंझोडायझेपीन गटातल्या गोळ्या रोज थोड्या कमी करत देतात, बरोबर थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. पण ती द्यायला डॉक्टर जागेवर असावा लागतो, गुरुवारी येणारा चालत नाही.

म्हणजे ज्याला आपण 'सुटत नाही म्हणजे मनाचा कच्चा' म्हणतो, त्यातल्या निदान पहिल्या चार दिवसांचा मनाशी फारसा संबंध नाही. रोज सकाळी प्यावी लागणाऱ्या माणसाला "आजपासून बंद, शपथ घे" म्हणणं धोक्याचं आहे. देवासमोर घेतलेली शपथ असली तरी.

आता आकडे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेली एक देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे ५.७ कोटी. आणि ज्यांना दारूचं पक्कं व्यसन आहे त्यांच्यापैकी दर ३८ जणांत एकाने कुठलातरी उपचार घेतल्याचं सांगितलं. भरती होऊन उपचार घेतलेला तर दर १८० मध्ये एक. माझ्या ओळखीत मी मनातल्या मनात मोजायला लागलो आणि मोजणं थांबवलं.

मग बाकीचे ३७ काय करतात? आमच्या एस.टी. स्टँडच्या भिंतीवर उत्तर लिहिलेलं आहे, निळ्या रंगात. 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.' खाली मोबाईल नंबर. आत्यानेही ती पुडी एकदा आणून भाजीत घातली होती, हे तिने मला नंतर सांगितलं. अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच माहीत नसतं, हाच पहिला प्रश्न. कधी कधी ज्या औषधाचा आधार घेतला जातो ते डायसल्फिरम हे खरं औषध आहे, १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पुढे आणलेलं. ते घेतलेलं असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणूनच ते पेशंटला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायचं असतं. न सांगता भाजीतून दिलं तर ते विषप्रयोगाच्या जवळ जातं. त्याला माहीत नाही, तो पिणार, आणि काय झालं हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही.

पुडी आणि गाडी. दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे बघा. दोन्ही पेशंटच्या नकळत. आत्याने पुडी घातली, मी गाडी पाठवली. ती कमी शिकलेली आणि मी बी.ई., पण डोकं दोघांचं एकच चाललं : याला न विचारता याची दारू काढून घेऊ. पीसी बिघडला की दुकानात नेऊन फॉर्मॅट मारून आणतात तसं. घरच्यांना तेच हवं असतं, आणि अशी केंद्रं नेमकं तेच विकतात.

कायदा काय म्हणतो तेही मला उशिराच कळलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, लागू झाला २०१८ मध्ये. त्याच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक विकारही येतात. पेशंट स्वतः तयार नसेल आणि त्याची अवस्थाच तशी गंभीर असेल, तर भरती करता येते, पण त्यासाठी दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो. साखळीने बांधायला कायद्याने पूर्ण बंदी आहे. 'चार पोरं आणि गाडी' ही तरतूद कुठल्याही कलमात नाही.

मग छोट्या गावात करायचं काय? पुण्यात राहणाऱ्या माणसाचं ठरलेलं उत्तर असतं, "पुण्याला घेऊन या." त्याला कारणही आहे. १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि मराठी घरांत 'व्यसन हा आजार आहे' हे वाक्य पोचलं ते मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे. तिथे काम करणाऱ्यांतले बरेच जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले असतात, ही त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पण समजा पेशंट पुण्याला आला, महिना-सव्वा महिना राहिला, छान झाला. पुढे? हुतात्मा एक्सप्रेसने कुर्डुवाडीला उतरला, तिथून गावी. तेच दुकान, तीच सहाची वेळ, तेच मित्र. पुण्यातलं केंद्र आता दीडशे-दोनशे किलोमीटर लांब. खरी परीक्षा तिथे सुरू होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी फार महागात शिकलोय. केंद्र कुठलं, हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, पहिल्या चार दिवसांत याला डॉक्टर कोण बघणार? दुसरा, परत आल्यावर वर्षभर याच्यासोबत कोण असणार? या दोन्हींची उत्तरं गावाच्या जवळच शोधावी लागतात, आणि बहुतेक वेळा ती असतात. फक्त त्यांना बाग नसते आणि स्टार नसतात.

आमच्या बाबतीत पहिलं उत्तर जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात मिळालं. मानसोपचार ओपीडी. मला लाज वाटते सांगायला, पण तिथे मानसोपचारतज्ज्ञ असतात हेच मला माहीत नव्हतं. केसपेपर काढून रांगेत बसलो. त्या डॉक्टर मॅडम दादाशी बोलल्या. *दादाशी*. आमच्याशी नंतर. किती पिता, सकाळी लागते का, थांबवायचं ठरवून थांबवता येतं का, तेवढ्याच नशेला आता जास्त लागते का, बाकीच्या गोष्टी सुटत चालल्यात का, त्रास होतोय हे दिसूनही चालूच आहे का. यातली तीन किंवा जास्त लक्षणं वर्षभरात एकत्र दिसली तर ते व्यसन, अशी डॉक्टरांची ढोबळ कसोटी असते. दादाने सगळ्यांना हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "हात थरथरायचे थांबले तर बघू."

तिथून सुरुवात झाली. आधी देखरेखीखाली गोळ्या. मग पुढचा महिना एका संस्थेत, पण या वेळी आधी वहिनी आणि मी जाऊन बघून आलो आणि दादा स्वतः सही करून गेला. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी केंद्रं असतात, तिथे उपचार मोफत असतात. जवळचं केंद्र कुठलं हे विचारायला १४४४६ ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे. नुसतं बोलायचं असेल, घरच्यांना काय करावं कळत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ आहे, २०२२ पासून सुरू. (आपल्यासारख्यांसाठी एक टीप : ऑफिसच्या मेडिक्लेमवर विसंबू नका. अनेक पॉलिसींच्या 'हे मिळणार नाही'च्या यादीत व्यसनावरचे उपचार असतात. आधी वाचा.)

केंद्र निवडायची वेळ आलीच तर फोनवर विचारायचे प्रश्न देतो. मी विचारले नव्हते, तुम्ही विचारा.

१. दारू बंद केल्यावर पहिल्या चार दिवसांत रात्री डॉक्टर किंवा नर्स असते का? फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलात नेता?
२. मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? कागद दाखवाल का?
३. घरच्यांना कधी भेटू देता, फोन करू देता? ("तीन महिने भेट नाही" म्हणाले तर फोन ठेवा.)
४. घरच्यांसाठी समुपदेशन आहे का?
५. डिस्चार्जनंतर काय?

आणि "गाडी पाठवतो" हे वाक्य ऐकू आलं तर पुढचे प्रश्न विचारूच नका.

दुसरं उत्तर, म्हणजे 'परत आल्यावर कोण', ते मिळालं एका शाळेच्या वर्गात. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी (त्यातला एक डॉक्टर) एकमेकांना सांभाळत सुरू केलेली गोष्ट. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आमच्या गावापासून २२ किलोमीटरवर रविवारी संध्याकाळी मीटिंग असते. कधी सहा जण असतात, कधी दोन. त्यात एक निवृत्त कंडक्टर आहेत, दादाने रात्री अकराला फोन केला तरी उचलतात. एकदा मी विचारलं, काका, एवढं कशाला करता? म्हणाले, "अरे, त्याचा फोन आला की त्या रात्री माझीही टळते." घरच्यांचे असेच गट असतात, अल-अनॉन नावाचे. आमच्याजवळ नाही, म्हणून वहिनी फोनवर पुण्याच्या एका ताईंशी बोलते.

गाव छोटं असण्याचा तोटा सगळ्यांना माहीत असतो, लगेच बोभाटा होतो. पण उपचार लोकांच्या जवळ नेता येतात हे महाराष्ट्रातच दिसलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शासनाबरोबर २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालवलं, त्यात तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावात व्यसन-उपचाराची शिबिरं. गडचिरोलीत होऊ शकतं तर ऊसपट्ट्यातल्या, दर कोपऱ्यावर परमिट रूम असलेल्या आमच्या तालुक्यात आठवड्यातून दोन दिवस अशी ओपीडी का होऊ नये? ग्रामीण रुग्णालय आहे, इमारत आहे. मागणारं कोणी नाही, कारण मागायचं म्हणजे आमच्या घरात आहे हे कबूल करायचं.

शेवट गोड करायचा मोह होतोय, पण दादाने बजावलंय. पाचव्या महिन्यात तो पुन्हा प्यायला. पोळ्याच्या दिवशी. आत्या म्हणाली, सगळं पाण्यात गेलं. मीही तेच म्हणणार होतो, पण डॉक्टर मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोक परत घसरतात, आणि हे प्रमाण ब्लडप्रेशर किंवा दम्याच्या पेशंटांहून फार वेगळं नाही. बीपीची गोळी सोडून बीपी वाढलं तर आपण कुणाला "दिलेला शब्द मोडलास" म्हणत नाही. दोन दिवसांत दादा स्वतः एस.टी.ने ओपीडीत गेला. गाडी पाठवावी लागली नाही. त्याला आता अकरा महिने झालेत.

आणि एक गोष्ट राहिली, जिच्यामुळे मी तीनदा खोडलं. त्या आधीच्या तीन-चार वर्षांत मी दर गणपतीला गावी जाताना दादासाठी पुण्याहून चांगली बाटली न्यायचो. गच्चीवर बसून आम्ही प्यायचो, मी दोन पेगवर थांबायचो आणि मनातून मोठा वाटायचो. मी 'सोशल', तो 'बेवडा'. तो थांबू शकत नाही हे मला समोर दिसत होतं, आणि मी ग्लास भरत होतो. मी अजूनही कधीमधी टीमबरोबर बिअर घेतो, खोटं कशाला बोलू. पण आता चार जणांत कोणी "नको" म्हटलं, की "अरे घे रे, एवढ्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांत मी नसतो. आणि कोणाचा ग्लास नेहमी सगळ्यात आधी रिकामा होतो, तेही दिसतं.

गेल्या गणपतीत दादासाठी डिजिटल क्लॅम्प मीटर नेला. त्याने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "रेंज कमी आहे रे याची." मग त्यानेच एक जळलेली मोटर समोर ओढली, मला स्टुलावर बसवलं, आणि आम्ही रात्री साडेनऊपर्यंत वेढे मोजत बसलो.